दोन मानपाडे, एक वास

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन जागा आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरी डोंबिवलीत, कल्याण-शीळ रस्त्यावर, मानपाडेश्वराच्या देवळापाशी. स्टेशनपासून पूर्वेला निघालेला मानपाडा रोड तिथवर जातो. मध्ये खाडी आणि पारसिकचा डोंगर. ठाण्याच्या मानपाड्यात टॉवरांच्या रांगा, डोंबिवलीच्या मानपाड्यात गावठाणातली घरं, चाळी, चार-पाच मजल्यांच्या इमारती आणि जवळच एमआयडीसी. दोन्हीकडे माझी माणसं राहतात आणि दोन्हीकडून मला एकच प्रश्न येतो: "घराबाहेर गटाराचा वास येतो, खिडकी उघडता येत नाही. काय करायचं?"

बहुतेक घरांत याचं उत्तर बाटलीत शोधलं जातं. फिनेल ओता, अॅसिड टाका, दारात उदबत्ती लावा. दोन तास बरं वाटतं आणि वास पुन्हा येतो. कारण आपण वासाशी भांडत असतो, आणि वास ही फक्त खबर असते. कुठे काय बिघडलंय ते ती सांगत असते. काही संशयास्पद दिसलं की मराठी माणूस म्हणतो, कुठेतरी पाणी मुरतंय. गटाराच्या वासाचा शोध घेताना हे वाक्य शब्दशः घ्यावं. कुठे पाणी थांबलंय आणि कुठून हवा बाहेर पडतेय, हे दोन प्रश्न सुटले की काम बरंचसं झालं.

ताज्या सांडपाण्याला फारसा वास नसतो, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. अंघोळीचं, भांड्यांचं, संडासाचं पाणी पाइपातून झपाट्याने निघून गेलं तर त्याला येतो तो साबणाचा आणि ओलसर कुबट वास. सडक्या अंड्यासारखा वास यायला वेळ लागतो. पाण्यात सल्फेट नावाचे क्षार विरघळलेले असतात. थोडे नळाच्या पाण्यात, थोडे साबणात, थोडे आपल्या शरीरातून येणारे. पाइपाच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर साचतो आणि त्या थराच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही. तिथे राहणारे जिवाणू प्राणवायूऐवजी सल्फेट वापरून जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. त्याच्या जोडीला अमोनिया असतो आणि मर्कॅप्टन नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात, पण नाकात पहिला शिरतो तो हायड्रोजन सल्फाइडच.

पाणी वाहतं असलं तर त्यात हवा मिसळत राहते आणि या जिवाणूंचं फावत नाही. साचलं, आणि त्यात एप्रिल-मेचा उकाडा असला, की त्यांचं काम जोरात चालतं. म्हणून इंजिनिअर मलवाहिनी आखताना पाण्याचा वेग सेकंदाला निदान 0.6 मीटर राहील अशी काळजी घेतात. त्याहून हळू वाहिलं तर गाळ तळाला बसतो. घराच्या आवारातल्या पाइपांसाठी जुने मिस्त्री एक सोपा हिशेब वापरतात: पाइप जितक्या इंचांचा, त्याच्या दहापट लांबीला एक भाग उतार. चार इंची पाइपाला चाळिसात एक, सहा इंचीला साठात एक. चाळीस फुटांवर एक फूट उतार म्हणजे पुष्कळच झाला. पण आवारात फरशी बसवताना, पार्किंग करताना, रस्ता उंच झाल्यावर हा उतार नकळत मारला जातो.

आणखी एक गोष्ट रसायनशास्त्राची, पण रोजच्या उपयोगाची. हायड्रोजन सल्फाइड पाण्यात असताना त्याचा काही भाग विरघळलेला राहतो आणि काही भाग वायू होऊन सुटायच्या तयारीत असतो. ना आम्ल ना अल्कली अशा पाण्यात हे प्रमाण साधारण निम्मं-निम्मं. पाणी जरा आम्ल झालं, सामू (पीएच) 6 वर आला, की जवळजवळ नऊ दशांश भाग सुटायच्या तयारीत जातो. सामू 8 झाला तर जेमतेम एक दशांश. आता चेंबरमध्ये अॅसिडची बाटली रिकामी करणाऱ्याने काय केलं ते बघा. पाण्यात जे गुपचूप बसलं होतं, ते त्याने हवेत सोडलं. फरशी पांढरी होते, वास मात्र वाढतो. याच्या उलट, उघड्यावर सांडलेल्या मैल्यावर चुना टाकायची जुनी रीत शहाणपणाची होती, कारण चुना सामू वर नेतो. मात्र सेप्टिक टँकमध्ये चुना ओतू नये. तिथले उपयोगी जिवाणू मरतात. आणि अॅसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो.

आता नाकाबद्दल, कारण आपल्याजवळचं पहिलं यंत्र तेच. हवेच्या 1 अब्ज भागांत या वायूचे जेमतेम 10 भाग असले तरी माणसाला वास कळतो. घरी वापरायचं कुठलंही साधन याच्या जवळपास येत नाही. पण या यंत्रात दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे त्याला सवय लागते. रोज तिथे राहणाऱ्याला वास कमी जाणवतो, पाहुण्याला दारातच कळतो. गणपतीला किंवा मे महिन्यात गावाला जाऊन आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आपल्या घराबाहेर जो वास येतो तो खरा. तो तेव्हाच लिहून ठेवावा. दुसरी खोट जीवघेणी आहे. दहा लाख भागांत या वायूचे 100 भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. 500 ते 700 भागांवर माणूस काही मिनिटांत कोसळतो, 1000 च्या पुढे जवळजवळ लगेच. चेंबरमध्ये वाकलेला माणूस "आता वास गेला" म्हणतो, तो क्षण सर्वांत धोक्याचा असतो. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असल्याने खड्ड्यात, टाकीत, विहिरीत तळाशी बसून राहतो.

नोव्हेंबर 2018 मध्ये कल्याण पूर्वेला एक माणूस विहीर साफ करायला उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला उतरलेलेही आले नाहीत. त्या एका विहिरीत पाच जण गेले आणि त्यांत महापालिकेच्या अग्निशमन दलाचे दोघे होते. हा विषय वासाचा म्हणून आपण सुरू करतो, पण तो माणसांच्या जिवापर्यंत जातो. हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचावं.

शोध सुरू करायचा तो वहीने. आठवडाभर वास कधी येतो ते लिहा: वेळ, जागा, वास कसा, वारा कुठून. सकाळी सात ते नऊ या वेळात वास वाढत असेल तर सगळ्या घरांचं पाणी एकदम उतरतंय आणि कुठेतरी उंचावरून आपटतंय. आपटलं की वायू सुटतो. मध्यरात्रीनंतर येत असेल तर पाणी साचून राहतंय, किंवा थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन वास खालीच अडकतोय. पहिल्या पावसात एकदम उसळत असेल तर गटारात शिरलेलं पाणी आतली हवा बाहेर ढकलतंय. ठरावीक वारीच येत असेल तर त्या दिवशी कुणाचा तरी पंप चालतो. एवढं लिहून झालं की प्लंबरला बोलवा. नुसतं "वास येतो" म्हणून बोलावलं तर तो येईल, बांबूची फट्टी किंवा सळी घालून चेंबर ढवळेल, पैसे घेऊन जाईल.

मग सर्वांत स्वस्त कारणापासून सुरुवात करावी. मोरीतल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, बाहेर भिंतीलगत गल्ली ट्रॅप असतो. दोन्हींत वाकड्या तोंडाशी साधारण दोन इंच पाणी थांबून राहतं आणि तेच पाणी गटारातल्या हवेला अडवतं. 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने शौचकुपासाठी वाकड्या नळीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून जगभरच्या घरांना गटारापासून वेगळं ठेवलंय ते या दोन इंच पाण्याने. ते वाळलं की दार उघडं. बंद असलेला फ्लॅट, न वापरलेली बाहेरची मोरी, मागच्या अंगणातला नळ, या जागी उन्हाळ्यात काही आठवड्यांत पाणी सुकतं. एक बादली पाणी ओता. घर महिनाभर बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडा, वाफ कमी होते. बाहेरच्या वासाच्या कितीतरी तक्रारी या एका बादलीवर मिटतात.

ट्रॅपमध्ये पाणी असूनही वास येत असेल तर चेंबर बघावं. झाकण तुटलेलं आहे का, चौकटीच्या खाचेत माती निघून फट पडलीय का? झाकण उचललं आणि त्याच्या खालच्या बाजूचं काँक्रीट खडूसारखं पांढरं आणि मऊ लागलं, तर आत वर्षानुवर्षं हायड्रोजन सल्फाइड साचतोय असं समजावं. वर चढलेला वायू ओलसर काँक्रीटवर बसतो, दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते काँक्रीट खातं. मेलबर्नमध्ये सी. डी. पार्कर या संशोधकाने 1945 मध्ये हे जिवाणू ओळखले. तोवर काँक्रीटच्या मलवाहिन्या वरच्या बाजूने का झिजतात, हे नीटसं उलगडलेलं नव्हतं.

चेंबर उघडताना दोन पथ्यं. झाकण काढून निदान अर्धा तास दूर राहावं, आत डोकं घालू नये. आणि काडी, मेणबत्ती, सिगारेट जवळपास नको. साचलेल्या मैल्यातून मिथेनही निघतो. हवा कुठून बाहेर येते ते पाहायचं असेल तर पातळ कागदाची पट्टी दोऱ्याला बांधून धरावी, ती हलते.

आत पाण्याची पातळी पाइपाच्या तोंडाच्या वर असेल तर पुढे तुंबलंय. स्वयंपाकघराच्या लाइनीत बहुधा तेल असतं. तळणीचं तेल कढत असताना पातळ, पाइपात गार झालं की थिजतं, त्यात भाताची शितं आणि चहाचा चोथा अडकतो. जुन्या इमारतींत चिनी मातीचे पाइप सिमेंटच्या सांध्यांनी जोडलेले असतात. त्या सांध्यांतून पिंपळाचं मूळ आत शिरतं आणि केसांच्या झुपक्यासारखं वाढतं. मूळ कापून भागत नाही, सांधा बदलावा लागतो.

पण मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते व्हेंट पाइपाबद्दल, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही. इमारतीच्या मागे उभे पाइप असतात. त्यातला एक गच्चीच्याही वर जातो, त्याला काही जोडलेलं नसतं आणि तोंडाला जाळी असते. गटारातली हवा माणसांच्या डोक्यावरून निघून जावी आणि वरच्या मजल्यावरून पाणी कोसळताना आत दाब वाढू नये, म्हणून तो असतो. तो बंद झाला तर कोसळणारं पाणी हवेला खाली ढकलतं, आणि तळमजल्याच्या ट्रॅपमधलं पाणी गुडगुड करत ती हवा बाहेर टाकतं.

डोंबिवलीत माझ्या मावसबहिणीच्या इमारतीत हेच घडलं. फाटकाशी आणि तळमजल्याच्या खिडक्यांखाली वास. सोसायटीने चेंबर तीन वेळा साफ करून घेतलं, झाकण नवं बसवलं, गल्ली ट्रॅप फोडून परत बांधला. वास तसाच. शेवटी एका वयस्कर प्लंबरने विचारलं, "गच्चीवर शेड कधी घातली?" दोन पावसाळ्यांपूर्वी. गळतीवर उपाय म्हणून आपल्याकडे बहुतेक जुन्या इमारतींच्या गच्चीवर पत्र्याची शेड येते. शेडवाल्यांना पाइप आडवा येत होता. त्यांनी तो कापला आणि आत पाऊस जाऊ नये म्हणून वरून सिमेंटने लिंपून टाकला. वास फाटकाशी आणि बिघाड पाच मजले वर. पाइपाला पत्र्याच्या वरपर्यंत नवा तुकडा जोडला, जाळी बसवली. काम एका दिवसाचं. नंतर मी अनेक गच्च्या पाहिल्या. कुठे पाइप शेडच्या आतच संपतो, कुठे त्यात कबुतराचं घरटं असतं, कुठे त्याला डिशची वायर बांधलेली असते. वासाची तक्रार घेऊन कुणी आलं की आता मी आधी गच्चीची किल्ली मागतो.

पाइप फुटलाय का, हे बघायची एक जुनी युक्ती विलायती प्लंबर वापरत. गच्चीवरून व्हेंटमध्ये पेपरमिंटचा अर्क ओतायचा, त्यावर गरम पाणी, आणि वरचं तोंड बंद करायचं. दुसऱ्या माणसाने खाली मजल्यामजल्यावर फिरून पेपरमिंटचा वास कुठे येतो ते पाहायचं. अर्क ओतणाऱ्याने मात्र खाली यायचं नाही, नाहीतर त्याच्याच हाताचा वास सगळीकडे पसरतो. आजही ही युक्ती चालते. कुठल्या फ्लॅटची लाइन कुठल्या चेंबरात येते हे कळत नसेल तर संडासात खायचा लाल रंग ओतून चेंबरापाशी थांबावं.

वासाला घाबरायचं की त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं, याबद्दल माणसाचं मत बदलत आलं आहे. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरही मानत की रोग घाणेरड्या हवेतून पसरतो. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनला थेम्स नदीचा वास इतका असह्य झाला की पार्लमेंटने पैसे मंजूर केले आणि जोसेफ बॅझलजेटने शहराखाली मलवाहिन्यांचं जाळं बांधलं. कारण चुकीचं समजलं होतं, काम मात्र योग्य झालं. पिण्याचं पाणी आणि मैला वेगळे झाल्यावर कॉलरा हटला. मुंबईत 1896 मध्ये मांडवीत प्लेग दिसला तेव्हा गटारं कार्बोलिक अॅसिडने आणि समुद्राच्या पाण्याने धुतली गेली. प्लेग उंदरांच्या पिसवांतून येत होता, गटारांच्या हवेतून नव्हे. कार्बोलिकसारखा वास म्हणजे स्वच्छता, ही समजूत मात्र आपल्या घरांत अजून पक्की आहे. फिनेलने फरशीवरचे जंतू मरतात. पाइपात थांबलेलं पाणी त्याने हलत नाही.

वासाने रोग होत नाही म्हणून तो सोसावा, असंही नाही. थोड्या प्रमाणातला हायड्रोजन सल्फाइडही डोकं दुखवतो, मळमळ आणतो, झोप मोडतो. उन्हाळ्यात खिडक्या बंद करून राहावं लागणं हा त्रास आहे, आणि तो सोसणाऱ्या तळमजल्यावरच्या माणसाला वरच्या मजल्यांनी "तुम्हालाच कसा येतो?" असं विचारू नये.

आता ठाण्याचा मानपाडा. इथल्या मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्धीकरणाचे स्वतःचे प्रकल्प असतात, सगळे त्याला एसटीपी म्हणतात. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि मंजुरीच्या अटींत एसटीपी येतो. तो बहुधा तळघरात किंवा बागेखाली असतो. त्याचं हृदय म्हणजे ब्लोअर: टाकीत सतत हवा फुंकणारं यंत्र. पाण्यात लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहिला तर मैला खाणारे जिवाणू जगतात आणि वास नगण्य असतो. ब्लोअर बंद पडला की काही तासांत तीच टाकी मोठा सेप्टिक टँक होते. आणि ब्लोअर बंद केला जातो, कारण तो वीज खातो आणि रात्री आवाज करतो. वास पहाटे येतो आणि दुपारी जातो, अशी नोंद वहीत असेल तर रात्री ब्लोअर चालतो का, हे सोसायटीच्या सभेत विचारावं. वीज वाचवून वास विकत घेणं कुणालाच परवडत नाही. आवाजाचा त्रास होत असेल तर ब्लोअरभोवती आवाज शोषणारी पेटी बसवता येते.

याच मानपाड्याला लागून ढोकाळी आहे. मे 2019 मध्ये तिथल्या एका संकुलाच्या एसटीपीच्या टाकीत सफाईसाठी उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा 2013 पासून आहे. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, आणि उतरवणारी सोसायटी असली तरी तिची जबाबदारी सुटत नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपयांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली. या आकड्यांनी कुणाचं घर उभं राहत नाही. आपल्या खिडकीतला वास घालवायला दुसऱ्याने टाकीत उतरायचं, हा व्यवहारच मान्य करू नये. जेटिंग मशीन आहे, सक्शन गाडी आहे. वरून नळी सोडून गाळ ओढता येतो. कंत्राटदार "आमची माणसं उतरतात, दहा मिनिटांचं काम" म्हणाला तर त्याला परत पाठवा. तरीही कुणी आत कोसळलाच तर मागोमाग उतरू नका. अग्निशमन दलाला बोलवा आणि श्वसनयंत्र येईपर्यंत बघ्यांना मागे ठेवा. उडी मारून वाचवायला जाणं किती स्वाभाविक आहे हे मला कळतं, पण कल्याणच्या विहिरीत तसंच झालं होतं.

डोंबिवलीच्या मानपाड्याची गोष्ट वेगळी. हा भाग डोंबिवलीजवळच्या 27 गावांच्या पट्ट्यातला. 1983 मध्ये ही गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, 2002 मध्ये बाहेर पडली, जून 2015 मध्ये पुन्हा आत आली. या ये-जा करण्याच्या काळात इमारती भराभर उभ्या राहिल्या, जमिनीखालची मलवाहिनी मागे राहिली. त्यामुळे अनेक घरांचा आधार म्हणजे सेप्टिक टँक, आणि टँकचं जादा पाणी रस्त्याकडेच्या गटारात. हे गटार पावसाच्या पाण्यासाठी बांधलेलं असतं. चार महिने ते धुऊन निघतं, उरलेले आठ महिने त्यात थोडंसं काळं पाणी उभं असतं. घराबाहेरचा वास म्हणतात तो पुष्कळदा हाच.

सेप्टिक टँक नीट असला तर वास द्यायचं कारण नाही. दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा. आत-बाहेर जाणाऱ्या तोंडांना 'टी' आकाराचे पाइप असतात, ते तुटले तर तवंग थेट बाहेर वाहतो. व्हेंटबद्दल भारतीय मानक स्पष्ट आहे: टाकी इमारतीपासून 15 मीटरच्या आत असेल तर व्हेंट इमारतीच्या माथ्याच्या 2 मीटर वर न्यावा. आपल्याकडच्या दाट वस्तीत सगळ्याच टाक्या 15 मीटरच्या आत असतात, आणि व्हेंट मात्र कंबरेइतका उंच, खिडकीच्या शेजारी. एवढी एक दुरुस्ती केली तरी पुष्कळ फरक पडतो.

डोंबिवलीकरांच्या नाकाला आणखी एक ओळख आहे, ती एमआयडीसीची. तिथल्या रसायनांमुळे जानेवारी 2014 मध्ये पडलेला हिरवा पाऊस आणि फेब्रुवारी 2020 मध्ये झालेला गुलाबी रस्ता अजून लोकांच्या आठवणीत आहेत. म्हणून इथे वासाचा प्रकार ओळखणं फार महत्त्वाचं. अंड्यासारखा वास गटाराचा असू शकतो. पण गोडसर, रंगाच्या डब्यासारखा, पेट्रोलसारखा किंवा डोळे झोंबवणारा वास घरच्या सांडपाण्याचा नसतो. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरने रसायन ओतलं गेलं आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालय गाठावं लागलं. वर सामूचा हिशेब दिलाय तो इथे आठवावा: मैल्याने भरलेल्या काळ्या पाण्यात आम्ल पडलं की वायू एकदम सुटतो. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात लोक काही दिवस तक्रार करत होते की गटारांतून पेट्रोलचा वास येतोय. 22 एप्रिल 1992 ला गटारांचे स्फोट झाले, कित्येक किलोमीटर रस्ते फुटले आणि 200 हून अधिक माणसं मेली. फुटलेल्या वाहिनीतून पेट्रोल मलवाहिनीत झिरपत होतं. गटारातून इंधनाचा वास ही घाणीची तक्रार नसते, ती आगीची वर्दी असते. ती त्याच तासाला अग्निशमन दलाला द्यावी.

तसंच घरगुती गॅसचं. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं मर्कॅप्टनसारखं द्रव्य मिसळतात, आणि ते गटाराच्या वासाच्या नात्यातलंच. गॅसच्या मीटरजवळ, किंवा रस्ता खोदलाय तिथे, कोबी सडल्यासारखा वास येत असेल तर गटार समजून सोडून देऊ नका. आधी गॅस कंपनीचा आपत्कालीन क्रमांक फिरवा.

राहिला प्रश्न दुरुस्ती कुणी करायची. ढोबळ नियम असा की आवाराच्या भिंतीच्या आतलं चेंबर सोसायटीचं, बाहेरची मलवाहिनी महापालिकेची. ठाण्याच्या मानपाड्याचं कार्यालय म्हणजे माजिवडा-मानपाडा प्रभाग समिती. डोंबिवलीकडे कल्याण-डोंबिवली महापालिका, एमआयडीसी आणि रसायनाचा वास असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, अशी तीन दारं आहेत आणि एका दारातून दुसऱ्या दारात पाठवलं जाण्याचा अनुभव पुष्कळांना येतो. तिन्ही ठिकाणी एकच अर्ज, एकाच दिवशी, पोचपावतीसह द्यावा. आणि अर्जात "दुर्गंधी येते" एवढंच लिहू नये. "अमुक इमारतीसमोरच्या चेंबरात पाण्याची पातळी पाइपाच्या वर आहे, सोबत तीन दिवसांचे वेळेसह फोटो" असं लिहिलं की अभियंत्याला काय पाठवायचं ते कळतं. काँक्रीटीकरणात चेंबर रस्त्याखाली गाडलं गेलं असेल तर ते नेमकं कुठे होतं हे जुन्या रहिवाशांना विचारून खुणेसह लिहावं. ही माहिती कार्यालयाच्या नकाशात असेलच असं नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला मात्र बहुधा ठाऊक असते.

डोंबिवलीच्या मोठागावला किंवा ठाण्याच्या कोलशेतला खाडीकाठी राहणाऱ्यांनी वहीत आणखी एक रकाना ठेवावा, भरती-ओहोटीचा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 2.7 ग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं, गोड्या पाण्याच्या कितीतरी पट. भरतीला नाल्याचं तोंड दाबलं जातं, सांडपाणी आत तुंबतं आणि खाडीचं पाणी त्यात मिसळतं. जिवाणूंना दोन्ही हातांनी खाऊ मिळतो. मग ओहोटीला ते काळं पाणी वास घेऊन उतरतं. असं होत असेल तर नाल्याच्या तोंडाला भरतीचं पाणी अडवणारी झडप लागते, आणि ती मागण्यासाठी तुमची वही हाच पुरावा. पण खारफुटीच्या चिखलालाही ओहोटीला स्वतःचा अंड्यासारखा वास असतो. तिथेही सल्फेट आहे, तिथेही तेच जिवाणू, पालापाचोळा कुजवणारे. नाला दूर असून वास फक्त चिखल उघडा पडल्यावर येत असेल, आणि चिखलावर खेकड्यांची बिळं व बगळे दिसत असतील, तर तो खाडीचा आहे. त्याच्यावर कुणी फिनेल ओतू नये.